आधी जमीन मोजा, मग सोफा

(चाळीतून पुनर्विकासाच्या इमारतीत जाणाऱ्या रहिवाशांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुताराला अजून ॲडव्हान्स दिला नसेल तर उत्तम. दिला असेल तरी बसा, निदान ऑर्डरमधून दोन-चार वस्तू कमी होतील.

मुंबईतल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या या चाळी 1920 च्या दशकातल्या. पुनर्विकासात कुटुंबाला 500 चौरस फुटांचं घर मिळतं, म्हणजे तिपटीहून जास्त. आणि तरी नव्या घरी गेलं की यजमान दारातच म्हणतात, ‘या, पण बसायला जागा करतो हं.’ वाढलेली जागा गेली कुठे?

जुन्या खोलीत सगळं जमिनीवर चालायचं. सकाळी तिथेच पोळपाट, दुपारी सुपात तांदूळ निवडणं, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, रात्री अंथरुणं. गाद्यांची वळकटी खाटेवर जायची, बाकी सामान माळ्यावर नाहीतर खुंटीला. चाळीचे गोडवे गाणारं पुराण मी सांगणार नाही. पुरुष माणसं बाहेर व्हरांड्यात झोपायची ती काही हौसेनं नव्हे. पण एकाच जमिनीकडून चार कामं करून घ्यायची रीत त्या घरांत होती. नव्या घरात आपण प्रत्येक कामाला एक फर्निचर नेमतो आणि ते कायमचं ठोकून टाकतो.

आता हिशेब करू. समजा हॉल 10 बाय 15 चा आहे. मुख्य दार एका आखूड भिंतीत, समोरच्या आखूड भिंतीला खिडकी, आणि एका लांब भिंतीत स्वयंपाकघराचं दार. आपण काय घेतो? एल शेपचा सोफा, एक बाजू 8 फूट, दुसरी 6, पुढून मागे खोली 3 फूट. झाले 33 चौरस फूट. टीव्ही युनिट 6 बाय दीड, म्हणजे 9. टीपॉय 4 बाय 2, म्हणजे 8. जेवणाचं टेबल 4 बाय अडीच, म्हणजे 10. बेरीज 60. दीडशेतून 60 गेले, 90 उरले. दुकानदार हेच सांगतो, आणि कागदावर ते खोटंही नाही.

पण ते 90 फूट आहेत कुठे? हॉलची रुंदी 10 फूट. सोफ्याचे 3, सोफा आणि टीपॉयमध्ये पाय ठेवायला दीड, टीपॉयचे 2, पलीकडे टीव्ही युनिटचा दीड. उरले 2 फूट. दारातून खिडकीकडे जायचा रस्ता तो एवढाच. धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन खिडकीतल्या दोऱ्यांकडे निघालेली बाई त्यातून अंग चोरूनच जाणार, आणि ती जाईल तेव्हा टीव्हीवाल्यांच्या माना वाकड्या होणार. टेबलाचंही तसंच. खुर्ची मागे सारून उठायला टेबलाच्या कडेपासून अडीच फूट तरी लागतात. दोन्ही बाजूंनी खुर्च्या म्हणजे 10 चौरस फुटांचं टेबल प्रत्यक्षात 30 खातं. म्हणजे उरलेले 90 फूट असे पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेले. त्यात एक गादीसुद्धा सरळ पसरत नाही.

मला मोकळी जागा किती ते सांगू नका. सलग किती ते सांगा.

तुमच्या घरात सलग जागा कशाला लागते, ते तुम्हीच ठरवायचं. गावाहून पाहुणे येत असतील तर 3 बाय 6 च्या दोन गाद्या शेजारी शेजारी, म्हणजे 6 बाय 6 हवेत. गणपतीत पंगत बसत असेल तर एका पानाला 2 फूट रुंदी आणि मांडी घालून बसायला अडीच फूट खोली धरा. समोरासमोर दोन ओळी आणि मध्ये वाढणाऱ्याला 2 फूट, अशी 7 फूट रुंदी झाली. लांबी 8 फूट धरली की आठ पानं बसतात. आता त्याच हॉलमध्ये साडेसहा फुटांचा सरळ सोफा ठेवा, पावणेतीन फूट खोलीचा. टीव्ही भिंतीवर टांगा, टीपॉयच्या जागी दोन लहान स्टुलं, आणि जेवणाचं टेबल भिंतीला घडी घालून ठेवायचं. सोफ्यासमोर सव्वासात फूट मोकळे झाले. पंगत बसली की नाही?

एल शेपचा सोफा वाईट नसतो, पण तो मोठ्या हॉलचं फर्निचर आहे. कोपऱ्यातल्या जागी तर कोणीच बसत नाही, तिथे इस्त्रीचे कपडे बसतात.

रस्त्याचं बघा. घरात फर्निचर नसताना खडू घ्या. मुख्य दार ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते खिडकी, बेडरूम ते संडास-बाथरूम, अशा रेघा ओढा. या रेघांवर काही ठेवायचं नाही. मुख्य रस्ता 3 फूट रुंद हवा. घरात वॉकर असेल तर त्यात तडजोड नाही. व्हीलचेअर वळवायला 5 फुटांचं वर्तुळ लागतं, ते एका तरी खोलीत सापडायला हवं.

बेडरूममध्ये हाच घोळ दारांमुळे होतो. खोली 10 बाय 10, पलंग 5 बाय साडेसहा, पायथ्याशी समोरच्या भिंतीला 2 फुटांचं वॉर्डरोब. दहातून साडेआठ गेले, उरला दीड फूट. वॉर्डरोबचं दार पलंगाला घासणार, आणि खालचा ड्रॉवर उघडायचा तर तुम्ही पलंगावर बसून उघडणार. सुतार म्हणेल, स्लायडिंग करू. दाराचा प्रश्न सुटला, पण वाकायला माणसाला अडीच फूट लागतात, त्यांचं काय? पलंग आडवा फिरवून भिंतीला लावला तर 3 फूट मिळतात. मग भिंतीकडे झोपणाऱ्यानं रात्री दुसऱ्याला ओलांडून उठायचं. तरुण जोडप्याला चालेल. सासूसासऱ्यांच्या खोलीत मी तसं कधीच करणार नाही.

एक कायद्याची गोष्ट भराभर सांगतो. 2016 च्या रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवहारांच्या, कायद्यानुसार कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या क्षेत्रफळात, आतल्या भिंतींची जाडीही मोजली जाते. म्हणून 500 म्हणजे पायाखालची 500 फूट जमीन नव्हे. ब्रोशरवर विसंबू नका, लाद्या बसल्यावर टेपनं मोजा, खांब जिथे पुढे आलाय तिथे दोनदा.

ताबा मिळाल्यावर जुनी वर्तमानपत्रं चिकटवून सोफा, पलंग, टेबल यांच्या खऱ्या मापाचे तुकडे करा आणि लादीवर पसरा. मग घरातल्या सगळ्यांना घेऊन एक दिवस तिथे वावरा. बादली उचला, केरसुणी मारा, दारं उघडा-मिटा. पेपर जिथे जिथे पायाखाली येऊन फाटेल, तिथे फर्निचर नको.

(प्रश्नोत्तरांच्या वेळी एका श्रोत्यानं विचारलं, ‘आईचं जुनं लोखंडी कपाट आहे, नव्या घरात शोभेल का?’)

शोभेचं तुम्ही बघा, मी मापाचं सांगतो. ते कपाट साधारण एकोणीस इंच खोल असतं. नवीन वॉर्डरोब 24 इंच, म्हणजे समोर 5 इंच फुकट मिळाले. घडी घातलेल्या साड्या त्यात छान मावतात. 3 फूट रुंद असेल तर एकेक दार उघडायला दीड फूट लागेल, तेवढं आधी लादीवर आखून घ्या. आणि हो, ते नव्या घराच्या लिफ्टमध्ये उभं जातं का, हेही आजच मोजा.