मिस्त्रींची वही

(दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातल्या आठवडी बाजाराच्या गावचं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरून देणारं दुकान. जमिनीवर उघडलेली पंपाची मोटर.)

मे महिना. बाहेर पारा ४५ अंशांच्या वर. मिस्त्री जळलेली कॉइल छिन्नीनं कापून काढताहेत.

"काऊन जळली जी?"

"रातच्याले एक फेज गेला होता भाऊ. दोनवरच चालत रायली."

विजेच्या तीन फेजांपैकी एक जाऊन मोटर जळणं विदर्भातल्या विहिरींवर रोजचं आहे. पण ही ५ एचपीची मोटर नीट पाहा. बाहेर तांब्याची तार, मध्ये फिरणारं लोखंड, म्हणजे रोटर, आणि त्यात ओतलेल्या अॅल्युमिनियमच्या दांड्या. चुंबक कुठेच नाही. टेस्लाला १८८८ साली पेटंट मिळालेली ही इंडक्शन मोटर आजही गावातल्या गावात दुरुस्त होते, ते याचमुळे.

नव्या ई-स्कूटरमध्ये आणि अनेक डीसी सौरपंपांत मात्र निओडिमियमची चुंबकं असतात. जोर दांडगा, वीज कमी. पण साध्या प्रतीचं असं चुंबक ८० अंशांच्या पुढे तापलं, की त्याची ताकद उतरू लागते. उष्णता सोसावी म्हणून त्यात डिस्प्रोसियम हा दुर्मिळ धातू घालतात. चीननं एप्रिल २०२५मध्ये त्याच्या निर्यातीवर बंधनं आणली आणि आपल्याकडच्या वाहन कारखान्यांना चुंबकांची चणचण भासली.

(दृश्य : लोखंडी पत्र्यांचा रोटर, त्यात कमानीसारख्या खाचा.)

म्हणून या रोटरकडे पाहायचं. चुंबकासमोर खिळा आडवा धरा. तो फिरून सरळ होतो, कारण चुंबकीय रेषांना हवेपेक्षा लोखंडातली वाट सोपी. एवढ्याच गुणावर रिलक्टन्स मोटर फिरते. रोटरमध्ये ना चुंबक, ना तार. त्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे तो तापतोही कमी. अशा खाचांच्या रोटरची कल्पना जुनी आहे, १९२३ सालची. पण ही मोटर थेट खांबावरच्या विजेवर सुरू होत नाही, तिला इन्व्हर्टर, म्हणजे डीसीपासून हवी तशी एसी वीज बनवणारं यंत्र, लागतो. सौरपंपाच्या पेटीत एसी मोटरसाठी तो आधीच बसवलेला असतो.

आता त्या पेटीतल्या हिशोबाकडे येऊ. मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

डवरणीच्या वेळी जाणता माणूस बैलाचं पाऊल कपाशीवर पडेपर्यंत थांबत नाही. आधीच ओळखून कासरा ओढतो. मोटरचा प्रवाह सांभाळणाऱ्या कंट्रोलरचंही तसंच. जुना कंट्रोलर चूक झाल्यावर सुधारणारा. भाकीत करणारा कंट्रोलर पाऊल पडायच्या आधीच पाहतो. इन्व्हर्टरमध्ये सहा स्विच असतात, तीन जोड्यांत; एका वेळी जोडीतला एकच चालू. त्यांच्या मांडण्या होतात फक्त ८. मोटरमधला प्रवाह मोजायचा, आठांपैकी प्रत्येक मांडणीनं पुढच्या क्षणी तो कुठे जाईल हे काढायचं, हव्या त्या प्रवाहाच्या सर्वांत जवळची मांडणी निवडायची. ती एकदाच वापरायची आणि पुन्हा पहिल्यापासून हिशोब. हे दर ५० मायक्रोसेकंदांनी चाललं, तर सेकंदाला २० हजार वेळा. १९७०च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखान्यांत ही पद्धत रुजली; तिथे विचाराला मिनिटं मिळायची. मोटरपर्यंत यायला वेगवान चिप यावी लागली.

पण भाकीत खरं ठरायला मोटरचे आकडे अचूक हवेत. तांब्याची तार २५ वरून १०० अंशांवर गेली, की तिचा रोध जवळपास ३० टक्क्यांनी वाढतो. रिलक्टन्स मोटरमध्ये प्रवाह वाढला की लोखंड चुंबकीय रेषांनी भरून येतं आणि इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, घसरतो. त्यात मोटर एकदा जळली, हाताशी होती त्या गेजची (जाडीची) तार भरली, टर्न (वेढे) दोन-चार कमी झाले, की कारखान्यानं पेटीत भरलेले आकडे निरुपयोगी. मग प्रवाह थरथरतो, मोटर गुरगुरते.

यावर काम चालू आहे. चालता चालता स्वतःच आकडे शोधणारे, किंवा मोटरच्या गणिती साच्याऐवजी ताज्या मोजमापांवरूनच पुढचा प्रवाह ओळखणारे कंट्रोलर तयार होताहेत. त्यांची परीक्षा प्रयोगशाळेतल्या नव्याकोऱ्या मोटरवर थांबू नये. ती दोनदा भरलेल्या मोटरवर, मेच्या उन्हात व्हावी, असं मला मनापासून वाटतं. इथं दुसरी मोटर असतेच कुठे?

(दृश्य : व्हार्निशचा वास, उतरतं ऊन. मिस्त्री तेलकट वही उघडतात.)

प्रत्येक मोटरचं एक पान. एचपी, स्लॉट, तारेचा गेज, टर्न. ते ओठांतल्या ओठांत मोजतात, पेन्सिल जिभेला लावतात आणि आजच्या मोटरचे आकडे लिहितात.