शाल खांद्यावरून उतरल्यानंतर

(दृश्य : घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलाचे आवार. स्वातंत्र्यदिनाची सकाळ. पावसाने ओला झालेला ध्वजाचा चौथरा.)

ठाण्याच्या गृहसंकुलांत १५ ऑगस्टची सकाळ बहुतेक ठरलेली असते. संकुलात राहणाऱ्या, लष्करातून निवृत्त झालेल्या एखाद्या हवालदाराच्या किंवा सुभेदाराच्या हस्ते झेंडावंदन होते, शाल-श्रीफळ दिले जाते, मुले टाळ्या वाजवतात आणि नऊच्या सुमारास खुर्च्या उचलल्या जातात. २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, शाळा-महाविद्यालयांतूनही असेच सत्कार होतात. १९९९ च्या त्या युद्धात आपले ५२७ सैनिक धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणाने भरून येणारे डोळे खोटे असतात, असे आम्ही मुळीच मानत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ती शाल घडी घालून कपाटात ठेवल्यानंतर त्या घरातील कोणती अडचण दूर होते?

(दृश्य : दुसऱ्या एका संकुलाचे प्रवेशद्वार. संध्याकाळ. गाड्यांची नोंद करणारा गणवेशातील रक्षक.)

जवान म्हणून भरती झालेला माणूस साधारणपणे पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. त्या वेळी मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात आणि दुसरी नोकरी शोधण्यावाचून गत्यंतर नसते. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड मधील पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी तरुण उमेदवारांप्रमाणेच जाहिरातींवर लक्ष ठेवावे लागते, अर्ज भरावे लागतात, परीक्षा द्याव्या लागतात. ज्याची उमेदीची वर्षे सीमेवर गेली, त्याला हे सांगणारे आणि शिकवणारे कोणी जवळ नसेल, तर अनेकदा फाटकावरची बारा तासांची पाळीच त्याच्या वाट्याला येते. सकाळी एका संकुलात ज्याला सलाम केला जातो, तोच रात्री दुसऱ्या संकुलात इतरांसाठी फाटक उघडत असतो.

या सत्कारांची आणखी एक बाजू आहे आणि ती आम्हाला अधिक अस्वस्थ करते. व्यासपीठावर ज्याला शूर म्हटले, त्याला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचे दार वाजवून "हा अर्ज मला कळत नाही, जरा बघता का?" असे विचारणे अधिक अवघड जाते. आपण त्याला इतक्या उंचावर बसवतो की, मदत मागण्यासाठी खाली उतरणे त्याला कमीपणाचे वाटू लागते. आणि मुळातच तक्रार न करण्याची सवय अंगी बाणलेली असल्यामुळे तो गप्प राहतो.

(दृश्य : जेवणाच्या टेबलावर पसरलेले कागद. डिस्चार्ज बुक म्हणजे सैन्यसेवेच्या नोंदींची पुस्तिका, पेन्शनचा आदेश, आधार कार्ड.)

अडचणी असतात त्या या टेबलावर. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. निवृत्तिवेतनाचे काम आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेले आहे आणि डिस्चार्ज बुकातील नाव किंवा जन्मतारीख आधार कार्डाशी जुळली नाही, तर काम अडते. सैनिकाच्या मृत्यूनंतर हेच सारे कागद त्याच्या पत्नीपुढे येतात, आणि तिने आयुष्यात कदाचित त्यांतील एकही हाताळलेला नसतो. २००३ पासून माजी सैनिकांसाठी 'ईसीएचएस' ही आरोग्य योजना आहे, पण तिचे कार्ड काढण्यासाठीही अर्ज करावाच लागतो. माजी सैनिकांच्या राहत्या घराला मालमत्ता करातून सूट देणारी राज्य शासनाची योजना २०२० पासून आहे. ती सूट महापालिकेकडे मागावी लागते आणि अर्जाला जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. सत्कार समारंभात भाषण करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या शेजारच्या फौजीला ही माहिती दिली असेल?

(दृश्य : शाळकरी मुलाच्या खिशावर टाचणीने लावलेला छोटा ध्वज.)

प्रत्येक जाहीर कृती निष्फळ असते असे मात्र नाही. १९४९ पासून ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन पाळला जातो. त्या निधीतून, सेवेची किमान वर्षे पूर्ण न झाल्यामुळे निवृत्तिवेतन न मिळालेल्या, हवालदार किंवा त्याखालील हुद्द्याच्या, पासष्टी ओलांडलेल्या गरजू माजी सैनिकांना दरमहा अनुदान मिळते. ते ४,००० रुपये होते. नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० रुपये झाले आहे. खिशावरचा तो कागदी ध्वज संध्याकाळपर्यंत चुरगळतो, पण त्यासाठी दिलेले पैसे एखाद्या म्हाताऱ्याच्या औषधापर्यंत पोहोचू शकतात. आमच्या मते हा फरक फार मोठा आहे.

(दृश्य : नोव्हेंबर. संकुलाच्या कार्यालयात उघडलेला लॅपटॉप.)

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ खुर्ची ओढून बसले आहेत. समोर एका दिवंगत सुभेदारांच्या पत्नी आहेत. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद जपून बाहेर काढले आहेत. "वहिनी, साहेबांचं डिस्चार्ज बुक आणलंत ना?" ते विचारतात, आणि त्यातील प्रत्येक अक्षर आधार कार्डाशी ताडून पाहू लागतात.