केसपेपरवरची पहिली ओळ

(दृश्य: वडगाव, बेळगाव. सकाळ. स्लॅबचे काम.)

आज स्लॅब आहे. मिक्सर एकदा सुरू झाला की मध्येच थांबत नाही. खडी, वाळू, सिमेंट, पाणी. घमेली हातोहात वर चाललीत. खाली बायकांची रांग, परांचीवर गडी. सेंटरिंगच्या फळ्या, वर सळईची जाळी, आणि त्या जाळीवर चपला घालून फिरणारे हे पाय बघा. कडेला कठडा नाही. यातले बरेच जण खानापूरकडून पहिल्या गाडीने आलेत.

(दृश्य: चेहरा, जवळून. निवेदन थांबते.)

हे गवंडी. वय तीस. अशाच स्लॅबच्या कडेवरून पडले, खाली उभी सळई होती. दावा चालू आहे, म्हणून नाव सांगत नाही.

(दृश्य: केसपेपर.)

पहिली ओळ: घरी जिन्यावरून पडले. मुकादमाने रिक्षातच पढवले होते, 'पोलीस केस नको, खर्च मी बघतो.' नंतर वीस हजार हातात ठेवून एका कन्नड कागदावर सही घेतली. सही करणाऱ्याला कन्नड वाचता येत नव्हते. पण वाचता आले असते तरी काय? भरपाईचा हक्क सोडल्याचा असा करार 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम 17 नुसार रद्दबातल. अपघात नव्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या आधीचा, त्यामुळे दावा याच कायद्याखाली आहे.

खरी अडचण त्या पहिल्या ओळीची. ती खोडायला काय काय गोळा करावे लागले! मुकादमाची हजेरी वही, शनिवारच्या पगाराचे फोनवरचे मेसेज, कुणीतरी साइटवर सहज काढलेला फोटो. (दृश्य: फोटो.) मागे मिक्सर दिसतोय ना, तोच पुरावा.

(दृश्य: वकिलांचे टेबल, हिशोबाचा कागद.)

हिशोब असा. महिन्याची मजुरी 15 हजारांपर्यंतच धरतात. तिचे 60 टक्के म्हणजे 9 हजार. तिशीच्या माणसाला कायद्याने वयानुसार ठरवलेला गुणक 207.98. कमाईची ताकद 20 टक्के गेली असे धरले, तर 3,74,364 रुपये. चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता मात्र परिशिष्टात थेट 100 टक्के धरली आहे. हा व्रण त्यात बसतो का, यावर आता वाद आहे. भरपाई महिनाभर थकली तर वर 12 टक्के व्याज.

कोपराचा व्रण आखडलाय, हात सरळ होत नाही. परांचीवरचे काम सुटले. घर बायकोच्या मजुरीवर चालते.

बांधकाम कामगार कल्याण मंडळाचे कार्ड नव्हते. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केले की नोंदणी होते; बांधकाम खर्चावरचा 1 टक्का उपकर त्यासाठीच तर गोळा होतो. नाक्यावर हे कुणी सांगत नाही, मुकादम तर नाहीच.

(दृश्य: कचेरीचा जिना.)

कंत्राटदार म्हणतो, हा माणूस माझ्याकडे नव्हताच. कलम 12 खाली जागेच्या मालकालाही पक्षकार केले आहे. दावा दोन वर्षांच्या मुदतीत दाखल झाला. पुढच्या तारखेला साक्ष आहे ती मिक्सरवरच्या गड्याची.