भिजू दे जरा

[दृश्य: सकाळ. रामबागेतली गल्ली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारी पोह्यांची वाफ.]

निवेदन:
इंदूरला समुद्र नाही. नदी आहे, कान्ह. पण आम्ही तिला खान नदी म्हणत आणि पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतच मोठे झालो. त्यामुळे निवृत्तीनंतर आत्याने 'मी जहाजावर जातेय' असं जाहीर केलं, तेव्हा घरातला पहिला प्रश्न होता, "क्रूझ का गं? किती दिवसांचं पॅकेज आहे?"

पॅकेज तीन महिन्यांचं होतं. तिकीट स्वतःचं. बोटीवर राहण्या-जेवण्याचे पैसेही स्वतःच भरायचे. आणि रोज वॉर्डात ड्यूटी.

काका म्हणाले, "म्हणजे पैसे देऊन नोकरी करायची? जन्मभर ओव्हरटाइमसाठी भांडलीस ना तू?"

आत्याने त्यांच्या पोह्यांवर जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, भुरभुरलं आणि विषय संपवला.

[दृश्य: आत्याचे हात. कडक पांढरी ओढणी घडी करताना.]

आत्या नर्स. ३१ वर्षं सरकारी नोकरी. बरीचशी सर्जिकल वॉर्डात, मधली काही बर्न्समध्ये, म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डात. गल्लीत तिला अजून कुणी नावाने हाक मारत नाही. भाजीवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांची ती सिस्टरच.

[दृश्य: जुने फोटो. धक्क्याला लागलेलं पांढरं जहाज.]

जहाजाचं नाव 'आफ्रिका मर्सी'. हा तरंगता दवाखाना चालवणारी मर्सी शिप्स ही संस्था १९७८ साली सुरू झाली. संस्था ख्रिस्ती आहे आणि तसं उघड सांगते. आमच्या घरात दर गुरुवारी दत्ताची आरती होते, तेव्हा यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. शेवटी आजीने निकाल दिला, "जखमेला कुठे कळतं पट्टी कोण बांधतंय ते?"

ही बोट मुळात दवाखाना नव्हतीच. १९८० साली डेन्मार्कमध्ये ती रेल्वेची फेरी म्हणून बांधली गेली. बेटांमधल्या समुद्रातून रेल्वेचे डबे वाहून न्यायचं तिचं काम. पुढे तिकडे पूल आणि बोगदा झाला, डबे रुळांवरूनच जाऊ लागले, फेरीचं काम संपलं. मग तिचा दवाखाना केला आणि २००७ साली ती आफ्रिकेत कामाला लागली. डबे उभे राहायचे त्या डेकवर आता ५ ऑपरेशन थिएटर, एक्स-रे, प्रयोगशाळा आणि सुमारे ८० खाटा.

मला यात गंमत वाटते ती वेगळीच. आपल्याकडे १९९१ पासून लाइफलाइन एक्स्प्रेस आहे, रुळांवरून फिरणारा दवाखाना. आपण रेल्वेत दवाखाना केला. त्यांनी रेल्वे वाहणाऱ्या बोटीत केला.

बोटच का, हा प्रश्न मलाही पडला होता. आत्याचं उत्तर नर्सचं होतं. थिएटरमध्ये पेशंट टेबलावर आहे आणि लाइट गेली, असं बोटीवर होत नाही. वीज स्वतःची, पाणी स्वतःचं, उपकरणं वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह स्वतःचा. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला होता: जगात ५ अब्ज लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडेल अशी शस्त्रक्रिया मिळत नाही. मला तो आकडा डोळ्यांसमोर आणता येत नाही. आत्याला येतो. ती म्हणते, हर्नियाचा पेशंट वीस वर्षं हर्निया घेऊन हमाली करतो, तो आकडा.

[दृश्य: रुंद, मातकट पाणी. क्रेन. धुकट उजेड.]

२०१८ च्या सुरुवातीला आत्या कॅमेरूनमधल्या डुआला बंदरात पोचली. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड, मलेरियाच्या गोळ्या, दोन किलो भाजलेले पोहे आणि जिरावणाची पुडी. आणि पहिल्याच दिवशी तिची घोर निराशा झाली. डुआला समुद्रावर नाहीच! वूरी नदीच्या काठावर आहे. समुद्र पुढे, खाडीच्या तोंडाशी.

आत्या (आवाज):
"एवढं विमान बदलत बदलत गेले, आणि समोर काय? नदी! रंग पण आपल्या खानसारखाच."

बोट दहा महिने एकाच धक्क्याला बांधलेली असते. दोर मनगटापेक्षा जाड, आणि प्रत्येक दोरावर परातीएवढी गोल तबकडी. उंदरांनी दोरावरून चढून वर येऊ नये म्हणून. आत्याला बोटीवरची सगळ्यात हुशार वस्तू तीच वाटली. सरकारी वॉर्डात तिने या एका गोष्टीसाठी किती अर्ज केले होते, ते मी इथे सांगत नाही.

[दृश्य: आत्या पलंगाखाली हात दाखवून काहीतरी समजावतेय.]

वॉर्डात शिरल्यावर ती थबकली ती खाटांखाली पाहून. प्रत्येक खाटेखाली गादी. पेशंटची आई, नाहीतर बहीण, तिथेच झोपायची.

आत्या (आवाज):
"आमच्याकडे पण झोपतातच ना रे खाटेखाली. चटई टाकून, चपला उशाला घेऊन. आणि आम्ही राउंडच्या आधी हाकलायचो. 'चला, चला, साहेब येतायत.' तिथे त्या बाईला गादी होती. चादर मी बदलायची."

पेशंट कोण होते? जबड्याच्या गाठीचे. अमेलोब्लास्टोमा नावाची गाठ असते, कॅन्सर नव्हे, पण काढली नाही तर वाढतच राहते. दात ढकलते, जीभ ढकलते, शेवटी श्वास अडवते. तोंडावर फडकं गुंडाळून आलेली माणसं. गाठीबरोबर जबड्याचा भागही काढावा लागतो, तिथे टायटॅनियमची पट्टी बसवतात, काही महिन्यांनी कमरेचं हाड घेऊन जबडा भरून काढतात. शिवाय पाय धनुष्यासारखे वाकलेली मुलं, दुभंगलेले ओठ, मोतीबिंदू. आणि भाजल्यावर कातडी आखडून सांधे चिकटलेले, ज्यांना आम्ही कॉन्ट्रॅक्चर म्हणतो. 'आम्ही' म्हणजे मी नाही. आत्याचं ऐकून ऐकून सवय झालीय.

भाषेचं म्हणाल तर फ्रेंच, पिजिन म्हणजे तिथली मिश्र इंग्रजी, उत्तरेकडून आलेल्यांची फुलफुल्दे. आत्याकडे मराठी, हिंदी आणि ड्यूटीपुरती इंग्रजी. मदतीला तिथलेच दुभाषे असत. तरी एक शब्द तिने स्वतः उचलला. 'आशिया'. कुणाला दुखतंय, कुणी ओझं उचलतंय, कुणी दमून बसलंय, की त्याला म्हणायचं, आशिया. तुझा त्रास दिसतोय मला, असा काहीतरी अर्थ. मराठीत याला एक शब्द सापडेना. 'अगं बाई गं' जवळ जातं, पण त्यात आपलीच हळहळ जास्त. परत आल्यावर तिने गुडघेदुखीने कण्हणाऱ्या काकूंना 'आशिया' म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "आफ्रिकेला गेली होतीस ना?"

[दृश्य: स्टीलचा ट्रे. गॉझ. सिरिंज. कॅमेरा फक्त हातांवर.]

आता ज्या गोष्टीसाठी मी हा व्हिडिओ करायला घेतला, ती.

सहा-सात वर्षांचा मुलगा. चुलीच्या आगीत भाजला होता. दंड छातीच्या कडेला चिकटलेला, हात वर जातच नव्हता. शस्त्रक्रियेत तो सोडवला आणि मांडीची कातडी काढून बगलेत लावली. काही दिवसांनी पहिलं ड्रेसिंग उघडायचं. आतलं गॉझ वाळून घट्ट बसलेलं.

आत्याने सवयीने चिमटा उचलला आणि कडेचं टोक पकडलं. शेजारची सिस्टर तिच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. तिने हळूच आत्याच्या मनगटावर हात ठेवला आणि सलाइनची बाटली पुढे केली.

मग त्या भिजवत बसल्या. थेंब थेंब. मुलालाच सिरिंज दिली, त्याने स्वतःच्या जखमेवर पाणी सोडायचं. त्याने निम्मं आत्याच्या अंगावर सोडलं. अर्धा तास गेला. गॉझ आपोआप सुटून हातात आलं. खाली कातडी गुलाबी, ओली, धरलेली. पोरगं रडलं नाही.

आत्या (आवाज):
"आमच्याकडे सकाळी चाळीस ड्रेसिंग, आणि आम्ही दोघी. भिजवायला वेळ कुठला? ओढायचं. एकदम ओढलं की कमी दुखतं, असं आम्ही पेशंटला सांगायचो."

[दृश्य: शांतता. आत्या खिडकीबाहेर बघते.]

आत्या (आवाज):
"खोटं होतं ते. मला माहीत होतं. शिकवलं होतं ना आम्हाला, भिजवून काढा म्हणून. परीक्षेत लिहिलं होतं मी."

हे बोलल्यावर तिने मला कॅमेरा बंद करायला सांगितला. मी केला. हा भाग तिने नंतर स्वतः बघून 'ठेव' म्हटलं, म्हणून तुमच्यापर्यंत आला.

[दृश्य: फोटो. दंडाला कापसाचा बोळा धरून हसणारी आत्या.]

बोटीवर रक्तही बोटीवरच्यांचंच. स्वयंपाकी, इंजिनातले लोक, नर्सेस, सगळ्यांचे गट नोंदवलेले. गरज पडली की बोलावणं येतं. एका रात्री आत्याचा नंबर लागला. पिशवी भरली आणि दहा पावलांवरच्या थिएटरमध्ये गेली.

आत्या (आवाज):
"तीस वर्षं फ्रिजमधली गार पिशवी हातात घेतली. ही गरम होती. माझीच."

मी तिला एक टोचणारा प्रश्नही विचारला. दहा महिन्यांनी बोट निघून जाते, मग मागे काय उरतं? त्यापेक्षा तिथेच दवाखाना बांधलेला काय वाईट? ती चिडली नाही. म्हणाली, बोटीवर तिथल्या डॉक्टर-नर्सेसना शिकवतात, पण ते पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. दवाखाना हवाच. "पण तो बांधून होईपर्यंत त्या बाईची गाठ थांबणारे का?" मला हे उत्तर अर्धंच पटलं. तिलाही बहुधा.

[दृश्य: पुन्हा रामबाग. ओटा. सकाळचं ऊन.]

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी शेजारचा पोरगा लंगडत आला. बाइकच्या सायलेन्सरला पोटरी भाजलेली, त्यावर कुणीतरी कोरडा कापूस चिकटवलेला. त्याची आई मागून ओरडतेय, "सिस्टर, ओढून काढा एकदाचं, कॉलेजला उशीर होतोय त्याला!"

आत्याने त्याला ओट्यावर बसवलं. पाय मांडीवर घेतला. सलाइनची बाटली उघडली.

"भिजू दे जरा," ती म्हणाली.

[कॅमेरा चालू. कापसावरून ओघळणारं पाणी. मागे, ताटलीत गार होत चाललेले पोहे.]