चांदवडहून डावीकडे वळा

नमस्कार इंदूरकर मंडळी! थंडी पडली की आपल्याकडे मांडू नाहीतर महेश्वर हेच प्लॅन निघतात, आणि ग्रुपमधला कोणी जरा हौशी असला तर म्हणतो चला, नाशिकला वायनरी बघू. मग गाडी एबी रोडला लागते, सेंधवा, बिजासन घाट, धुळे करत सात-आठ तासांत नाशिक, तिथे सगळे गंगापूर धरणाकडे, एकाच रस्त्यावरच्या दोन वायनऱ्या, सूर्यास्ताचा फोटो, झाली टूर! आता त्या बाजूला जाऊ नका असं नाही, 1997 साली सुला वायनरीच्या वेली तिथेच लागल्या आणि 2000 मध्ये पहिली वाइन आली, नाशिकचं नाव झालं ते तिथूनच. पण तेवढंच बघून परत येणं म्हणजे आपल्या सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन नुसती पाण्याची बाटली घेण्यासारखं आहे.

नाशिकची जमीन एकसारखी नाहीये हो. पूर्वेला निफाड, गोदाकाठची काळी माती, पाऊस बेताचा आणि डिसेंबर-जानेवारीत अशी थंडी की दरवर्षी पेपरात निफाडचा पारा छापून येतो. उत्तरेला दिंडोरी, चढउताराची, लालसर मुरमाड. आणि पश्चिमेला इगतपुरी, थेट सह्याद्री, भातखाचरं, पावसाळ्यात तर विचारूच नका. हे सगळं एकाच जिल्ह्यात, एका दिवसाच्या फिरण्यात. काळ्या कसदार जमिनीत वेल नुसती पाल्याला जोर करते, मुरमाड उतारावर पाणी थांबत नाही मग वेल जरा उपाशी राहते, मणी बारीक येतो पण चव घट्ट. रात्र गार असली की द्राक्षातला आंबटपणा टिकतो, नाहीतर वाइन नुसती गोडमट लागते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की वायनरी नावावरून नाही, जमिनीवरून निवडा. चांदवडला आपल्या होळकरांचा रंगमहाल बघा आणि तिथून सरळ न जाता डावीकडे लासलगावच्या रस्त्याला लागा, कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या मागे मागे विंचूरला पोहोचाल, तिथे एमआयडीसीचा वाइन पार्कच आहे, म्हणजे वायनऱ्यांसाठीची औद्योगिक वसाहत. मग दिंडोरी, तिथे शाँदों ही वायनरी, तिची बुडबुड्यांवाली वाइन, जी बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. शेवटी इगतपुरी तालुका, सांजेगावला ग्रोव्हर झांपा, कावनईकडे व्हॅलोने, या दोन वायनऱ्या. जिथे मिळेल तिथे एकाच जातीच्या द्राक्षाची वाइन मागा, समजा शिराझ, म्हणजे जमिनीचा फरक कळेल, आणि हे पण विचारा की द्राक्षं कुठल्या शिवारातली, कारण बऱ्याच वायनऱ्या बाकीच्या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांकडून करारावर माल घेतात.

बागेत नेलं तर अजून एक गंमत करा. रस्त्याकडेला मांडवावर जी द्राक्षं लटकतात ती खायची, थॉमसन वगैरे, वाइनची वेल वेगळी, तारांवर उभी चढवलेली. विचारून शिराझचा एक मणी घ्या, वाटाण्याएवढा, जाड सालीचा, आत बिया. बोटात हलकेच दाबा, रस जवळजवळ पाण्यासारखा निघतो! लाल रंग सगळा सालीत, म्हणून रेड वाइन सालींसकट आंबवतात आणि व्हाइटचा रस आधीच पिळून वेगळा काढतात. मला तर टेस्टिंगपेक्षा हेच जास्त आवडतं.

टेस्टिंगच्या टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं, घोट तोंडात घोळवून त्यात थुंकायचं. आता इंदूरच्या माणसाला चारचौघात थुंक म्हणायचं म्हणजे कठीणच, नंबर वन स्वच्छ शहर ना आपलं! पण लाजू नका, तीन ठिकाणी चार-चार घोट पोटात गेले तर तिसऱ्या ठिकाणी काही कळत नाही. आणि जो गाडी चालवणार त्याने फक्त वास घ्यायचा, यात वाद नको.

कधी जायचं म्हणाल तर जानेवारी ते मार्च. फ्रान्समध्ये द्राक्षं सप्टेंबरात उतरतात, आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्यांसाठीची, सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, आणि पीक उन्हाळ्याच्या तोंडावर. तोडणी बघायची तर पहाटेच बागेत पोहोचा, ऊन चढलं की घड तापतात म्हणून काम लवकर उरकतात. फक्त 26 जानेवारीची सुट्टी जोडून जाऊ नका, त्या दिवशी ड्राय डे, 30 तारखेला पण महाराष्ट्रात ड्राय डे, चारशे किलोमीटर जाऊन नुसत्या टाक्या बघून याल. फेब्रुवारीतला एखादा मंगळवार-बुधवार धरा आणि निघण्याआधी फोन करून टूरची वेळ पक्की करा.