गादी नाही, पागा

फेब्रुवारी १९२२. दिल्ली. समोर प्रिन्स ऑफ वेल्स, देशभरातले संस्थानिक, आणि मैदानात पतियाळा विरुद्ध जोधपूर. त्या काळात पोलोमध्ये पतियाळाला हरवणं म्हणजे गंमत नव्हती. जोधपूर जिंकलं, अवघ्या एका गोलनं. विजेत्या चौघांत एक बाविशीतला तरुण होता: राव राजा हणूतसिंह.

वडील सर प्रतापसिंह. पहिल्या महायुद्धात, सत्तरीच्या घरात असताना फौजेबरोबर थेट फ्रान्सच्या आघाडीवर गेलेला माणूस. जगभरचे घोडेस्वार जोधपुरी विजार घालतात, तिचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. गुजरातेतल्या ईडर संस्थानाची गादी त्यांना मिळाली, त्यांनी ती सोडलीही, आणि गेली ती दत्तक मुलाकडे. हणूतसिंहांच्या वाट्याला घोडे आले. वाटणी तशी वाईट झाली नाही.

पोलोत खेळाडूची पत गोलांत मोजतात. सर्वांत वरची पायरी १०. हणूतसिंह ९ गोलांचे खेळाडू होते. पण जाणकार त्यांचं नाव काढतात ते घोडी तयार करणारा माणूस म्हणूनही.

हे काम फार सावकाशीचं. आधी दुडकी चाल, मोठ्या रिंगणात, मग लहान रिंगणात. घोड्यानं तोंड न वासता थांबायला शिकायचं. स्वाराच्या एका हातात काठी, म्हणून लगाम सगळा डाव्या हातात. तो मानेला नुसता टेकला की घोड्यानं वळायला हवं. मग कानाजवळून काठी फिरवायची. आधी हळू, चेंडूशिवाय. बिचकलं, तर त्या दिवशी तिथंच थांबायचं. त्यानंतर दुसऱ्या घोड्याच्या खांद्याला खांदा भिडवून पळणं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे चौखूर उधळलेलं असताना जागच्या जागी थांबून, मागच्या पायांवर भार घेऊन उलट फिरणं. घाई केली की घोडं बिघडतं, आणि बिघडलेलं घोडं दुरुस्त करणं नवं घडवण्यापेक्षा कठीण.

संस्थानिकांच्या पोलोकडे आपण पैशांचा खेळ म्हणून पाहतो. ते खोटं नाही. साडेसात मिनिटांच्या एका चक्करनंतर, म्हणजे एका डावानंतर, घोडं बदलावं लागतं, तेव्हा पागा मोठीच लागते. पण पैशानं घोडं विकत मिळतं. त्याला मैदानावर उतरवायला रोज सकाळी कुणीतरी खोगिरावर बसावं लागतं.

१९३३. जयपूरचा संघ इंग्लंडला निघाला. महाराजा मानसिंह, पृथीसिंह, अभयसिंह आणि हणूतसिंह. घोडेही बोटीनं गेले, त्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांसकट. त्या हंगामात इंग्लंडमधल्या मोठ्या स्पर्धा या चौघांनी एकामागून एक जिंकल्या.

मग संस्थानं गेली, पागा ओस पडल्या. हणूतसिंह मात्र खेळत राहिले. १९५७ साली फ्रान्समध्ये दोव्हिलला भारतानं जगज्जेतेपदाच्या तोडीची स्पर्धा जिंकली, तेव्हा संघात पुन्हा मानसिंह होते आणि सत्तावन्न वर्षांचे हणूतसिंहही. पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळालं.

१९६४ साली अर्जुन पुरस्कार आला. वय चौसष्ट. या वयात खेळाडूंना पुरस्कार मिळतात ते सहसा जुन्या पराक्रमाबद्दल. हणूतसिंहांनी त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॉव्ड्रे पार्कचा गोल्ड कप जिंकला, आणि १९६५ साली पुन्हा.