सुट्टीच्या कागदावर लिहून घ्या
(नागपुरात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट माझ्याकडे येतो तो दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर, आणि बहुतेक वेळा उशिराच.

गेल्या वर्षी मानेवाड्याहून एक काका आले. लकवा मारून अडीच महिने झाले होते. उजवा हात लोंबत होता, खांद्याला नुसता हात लावला तरी कळवळायचे. घरचे त्यांना पलंगावरून उठवताना तोच हात धरून ओढत होते. लुळ्या हाताला स्नायूंचा आधार राहत नाही, खांद्याचा सांधा खाली उतरतो. तो हात कधीच ओढायचा नसतो. उठवायचं ते कमरेला धरून. पण हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" मुलगा म्हणाला, "मॅडम, कार्डावर पाच लाख आहेत ना, व्यायामही त्यातूनच होईल असं वाटलं. होत नाही म्हटल्यावर पैशाची जुळवाजुळव करण्यात दिवस गेले."

त्या मुलाची चूक नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही आपल्या राज्यात 2020 पासून एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, हे खरं. पण ते ठरावीक उपचारांच्या पॅकेजचं, आणि भरती असलेल्या पेशंटचं. ओपीडीत रोज येऊन करायचा व्यायाम त्यात बसत नाही. सुट्टीनंतर फुले योजनेत 10 दिवस, आयुष्मानच्या नियमात 15 दिवस तपासणी आणि औषधं मिळतात. लकव्यातून सावरायला मात्र महिने लागतात, आणि त्यातले पहिले तीन सगळ्यात मोलाचे. मेंदू त्या काळात जितकं नव्यानं शिकतो, तितकं नंतर शिकत नाही.

म्हणून पुढची सोय पेशंट पलंगावर असतानाच लावायची. दवाखान्यात योजनेचा मदतनीस असतो, त्याला आरोग्यमित्र म्हणतात. त्याला विचारा, आमच्या उपचाराला पाठपुराव्याचं पॅकेज आहे का? काही उपचारांना असतं. तो नसेल किंवा टाळत असेल तर योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 वर फोन करा. डॉक्टरांना सांगा, सुट्टीच्या कागदावर नीट लिहून द्या: कोणता व्यायाम, आठवड्यातून किती वेळा, कुठे. 'फिजिओथेरपी करावी' एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी घरातल्या दोघांनी तरी पेशंटला उठवणं, कुशीवर वळवणं, खुर्चीत बसवणं स्वतःच्या हातानं करून बघा, फिजिओथेरपिस्टसमोर. हे शिकायला एक रुपया लागत नाही.

मग जायचं कुठे? खासगीत प्रत्येक वेळचे पैसे मोजावे लागतात. पण आपल्याकडे मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे उपचार) दोन्ही आहेत, नागपुरातल्याच मिहानच्या एम्समध्ये पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. रांग असते, वेळ जातो, तरी जा. वॉकर, चाकाची खुर्ची लागणार असेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेची चौकशी करा. वयाची 70 वर्षं झालेल्यांना उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी काढलं नसेल त्यांनी या आठवड्यातच काढा. फक्त, तेही कार्ड भरतीसाठीच आहे, हे ध्यानात असू द्या.

हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांत काम करणारी मुलं-सुना आपल्या घरात आहेत. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात होत असणार. त्या कामगाराला स्वतःला अर्धांगवायू झाला, तर नेहमीच्या 91 दिवसांच्या आजारपणाच्या भत्त्यानंतर, अटी पूर्ण होत असल्या तर, वाढीव भत्ता असतो. मजुरीच्या 80 टक्के, आणि तो दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. कामगार घरी पडून असतो, त्याला हे माहीत नसतं, आणि हक्काचे पैसे राहून जातात. मला याचा फार त्रास होतो.

ते मानेवाड्याचे काका पुढे आठवड्यातून तीनदा मेडिकलला जायला लागले. सोबत कधी मुलगा, कधी सून. खांद्याचं दुखणं कमी झालं. हात पूर्ण परत आला नाही. शर्टाची खालची तीन बटणं आता ते स्वतः लावतात, वरची दोन काकू लावतात.